एक नंबरची चांदणी

ता. ३

चि. ठकूस अ. आ.

बूट पोचले. पार्सलवाला खालून बराच वेळ हाका मारत होता म्हणे. मला ऐकू आलं नाही. शेवटी खालची शिंपीण वर आली आणि माझा दंड हलवला, तेव्हा कळलं.

डाव्या बुटाचा सोल तू जाड केलायस तो बरोबर बसला. जिन्यावरून पडून पाय आखूड झाला तेव्हापासून मी बदकासारखी चालत होते. आज सरळ चालले. बेकरीपर्यंत गेले आणि काठी तिथेच विसरून आले. बेकरीवाला ती घेऊन मागे धावला, मी म्हटलं ठेव तुलाच, पुढेमागे लागेल.

आता तुझ्या चिठ्ठीचं. इंटरनेटवर अनोळखी माणसांकडून वर्गणी गोळा करतेयस म्हणे. कशाला? तू काय पूल बांधतेयस? आणि त्या पानावर मी दोन शब्द लिहावेत आणि चांदण्या दाबाव्यात, हे काय ते मला समजलं नाही. नीट लिही. फोनवर सांगू नकोस, मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनाने भरते.

तुझी ती जोडीदारीण, मी जिला शिडी म्हणते ती उंच मुलगी, काम सोडून का गेली तेही लिही. "मतभेद झाले" असं लिहितेस. मतभेद मंत्र्यांचे होतात. तुमचं भांडण झालं असणार.

जेवत जा. लोभ आहेच, सारखा विचारू नकोस.

तुझी आत्या

---

ता. ७

ती. आत्यास शि. सा. न.

काठी बेकरीत राहिली हे वाचून मी दुकानात एकटीच हसले.

नीट लिहिते. माझा उजवा हात बिघडलाय. जाड सोल रापीने कापून कापून मनगट सुजतं, आणि अंगठा सकाळी मिटतच नाही. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर असंच कापत राहिलीस तर तो कायमचा आखडेल. म्हणून सोल कापायचं यंत्र हवं. बँकेने नाही म्हटलं. म्हणून ही वर्गणी. साइटवर एक पान असतं, त्यावर दुकानाचा फोटो आणि आपली हकिकत टाकायची, ज्याला पटेल तो पैसे लावतो. महिनाअखेरपर्यंत ठरलेली रक्कम जमली तर यंत्र येतं. नाही जमली तर सगळे पैसे ज्याचे त्याला परत जातात. निम्म्याच्या वर जमलेत.

लोक मला ओळखत नाहीत, मग ते आधीच्या गिऱ्हाइकांनी काय लिहिलंय ते बघतात. त्याखाली ओळीने पाच चांदण्या असतात. तुला काम जसं वाटलं तशी दाब. गेल्या वर्षी मी तिकडे आले होते तेव्हा ज्यांचे बूट केले त्यांनाही सांग.

शिडीचं म्हणशील, तर ती म्हणाली की अनोळखी लोकांचा भरवसा असा उसना आणू नये, आहे ते काम करत राहू. मी चिडून म्हणाले, मग माझा हात तू होणार का. ती म्हणाली, होते की. मला ते टोमण्यासारखं लागलं, मी नको ते बोलले. तिने एप्रन खुंटीला अडकवला आणि गेली. आता बसथांब्याजवळ तिचा दुरुस्तीचा ठेला आहे. मी दुसऱ्या रस्त्याने जाते.

तुझ्या लोभावर तर दुकान चाललंय.

तुझी ठकू

---

ता. १२

चि. ठकूस अ. आ.

काम फत्ते. मी हातात घेतलं की होतंच.

शिंपिणीकडे सगळ्यांना बोलावलं. बेकरीवाला, पलीकडचा निवृत्त वॉचमन, त्याची बायको, दातांच्या दवाखान्यातली ती कंबर धरून चालणारी नर्स, झाडून सगळे तुझे बूट घालून आले. शिंपिणीने तुझं पान काढून दिलं. त्या पाच चांदण्या दिसल्या. शिंपीण सरळ पाचवी दाबायला निघाली. मी तिचा हात धरला. म्हटलं, पाचव्या नंबरावर बसवण्यासारखं पोरीने काय वाईट केलंय? काम एक नंबर आहे तर एक नंबरचीच दाबायची. सगळ्यांना पटलं. वॉचमनला दिसत नाही म्हणून त्याची मी दाबली. आम्ही मिळून तुला पहिल्या नंबरात बसवलंय.

लिहायचं म्हणशील तर मी ताकीद दिली होती की फुगवून काही लिहायचं नाही. जाहिरात वाटता कामा नये. बेकरीवाल्याने लिहिलं, असा बूट जन्मात पाहिला नाही. नर्सने लिहिलं, आता दुसरीकडे जायची हिंमत होणार नाही. वॉचमनने सांगितलं आणि मी लिहिलं, हे बूट घातल्यापासून बायकोसुद्धा मला ओळखत नाही. आता सरळ चालतो ना तो. मी इतकंच लिहिलं की पायात घातल्यावर कळतं.

नावं मात्र आमची नाहीत. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये नातवंडांनी काय काय घालून ठेवलंय. माझ्या जागी एक सूर्यफूल येतं.

शिडीचं मला पटलं नाही. "होते की" यात टोमणा कुठे आहे? मला तर ते हो म्हटल्यासारखं वाटतं.

आता यंत्र आलं की कळव. लोभ पोस्टाने पाठवलाय, वजनाला हलका आहे.

तुझी आत्या

---

ता. १३

ती. आत्यास शि. सा. न.

तुझं पत्र यायच्या आधीच लिहितेय, राहवत नाही म्हणून.

आत्या, माझ्यावर कोणीतरी डूख धरलाय. काल संध्याकाळी बघता बघता माझ्या पानावर एकेक चांदणीचा सडा पडला. एक चांदणी म्हणजे सगळ्यात वाईट. आणि खाली कसे टोमणे, असा बूट जन्मात पाहिला नाही, बायको ओळखत नाही, पायात घातल्यावर कळतं. फुलापानांचे फोटो लावलेली खोटी माणसं. गुण धाडकन खाली आले. वर लाल पट्टी आली की या पानाबद्दल तक्रारी आहेत, विचार करून पैसे लावा. सकाळपासून लोक पैसे काढून घेतायत. मी पान उघडते, बंद करते, परत उघडते. दर वेळी आकडा कमी. आज एका बुटाचा सोल मी उलटा कापला, इतकं लक्ष नाही.

असं तिरकं बोलणं मी एकीचंच ऐकलंय. दुसरं कोण असणार? मी रागाच्या भरात पानावर सगळ्यात वर लिहून टाकलं की माझ्याबरोबर काम करून गेलेली, आता बसथांब्याजवळ बसणारी एक जण हे करवतेय. नाव नाही लिहिलं. पण बसथांब्याजवळ आहेच कोण? तासाभरात लोक तिच्या ठेल्याच्या पानावर जाऊन एकेक चांदणी मारायला लागले. मला बरं वाटलं. मग वाटेना.

तुला फोन लावला. तू हो हो म्हणालीस आणि ठेवून दिलास. काय ऐकलंस कोण जाणे.

माझी काळजी करू नकोस असं लिहिणार होते. पण कर.

तुझी ठकू

---

ता. १७

ती. आत्यास शि. सा. न.

तुझं बारा तारखेचं पत्र आत्ता मिळालं. वाचता वाचता मी चामड्याच्या ढिगावर बसले.

आत्या, तिथे एक म्हणजे पहिला नंबर नाही. एक म्हणजे एकच गुण. पाच म्हणजे पाचही गुण. मीच लिहायला हवं होतं, पण हे लिहावं लागेल असं माझ्या डोक्यात आलंच नाही. ते टोमणे नव्हतेच. तुम्ही सगळे माझं कौतुक करत होतात आणि मी शिवी म्हणून वाचलं.

आता एक ऐक. कशालाही हात लावू नकोस. चांदण्या बदलू नकोस, कोणाला बदलू देऊ नकोस. साइटवाल्यांची नजर आता माझ्या पानावर आहे. मी त्यांना लिहून सगळं समजावते. शिंपिणीला फोन लावतेय, तो बंद लागतोय. हे पत्र वेळेत पोचो.

शिडीचं तोंड डोळ्यांसमोरून जात नाही.

लोभ असू दे, हात मात्र आवर.

तुझी ठकू

---

ता. १७

चि. ठकूस अ. आ.

तुझं तेराचं पत्र आज आलं. वाचलं, शिंपिणीला वाचून दाखवलं, तिने कपाळावर हात मारला आणि म्हणाली मी पाचवीच दाबत होते. तेव्हापासून ती माझ्याशी मोठ्या आवाजात बोलतेय, ऐकू यावं म्हणून नाही.

तर मीच केलं हे. शिडीने नाही. रडत बसायला मला वेळ नाही, म्हणून लगेच सगळ्यांना परत गोळा केलं आणि एका बैठकीत सगळ्यांच्या पाच करून टाकल्या. तुझं सगळं जागेवर आलं असेल. आता शांत झोप.

तुझ्या फोनचं सांगते. तू म्हणालीस तारे खाली आले, मला ऐकू आलं सारे खाली आले. मला वाटलं पाहुणे आलेत. जिना उतरून गेले, दाराबाहेर बघितलं, कोणी नाही. मला तुझा राग आला होता, की म्हातारीची थट्टा करतेस.

पहिलं काम हे कर. त्या मुलीबद्दल लिहिलेलं पुसून टाक. उद्यावर ढकलू नकोस.

लोभ जागेवर आहे, त्याचा नंबर बदललेला नाही.

तुझी आत्या

---

ता. २१

ती. आत्यास शि. सा. न.

माझं सतराचं पत्र तुला उशिरा मिळालं असणार. व्हायचं ते होऊन गेलं.

एकाच संध्याकाळी सगळ्यांनी एकच्या पाच केल्या, तेही एकाच घरातल्या वायफायवरून. साइटला वाटलं मी पैसे देऊन माणसं बसवली. त्याच संध्याकाळी, मी काही पुसायच्या आत, पान कुलूपबंद केलंय. लोकांना दिसतं, पण आता कोणी पैसे लावू शकत नाही आणि मी त्यातलं अक्षर बदलू शकत नाही. आणि सगळ्यात वर काय दिसतं? बसथांब्याजवळची ती ओळ. मला ती पुसता येत नाही, आत्या. साइटला लिहिलं की निदान तेवढं काढा. उत्तर आलं की आपलं म्हणणं आमच्यासाठी महत्त्वाचं आहे. तेच उत्तर, दर वेळी.

मी दुसरीकडे, माझ्या स्वतःच्या खात्यावर खरं ते सगळं लिहिलं. आत्या, एक नंबर, सूर्यफूल, सगळं. काही लोक हसले. पुष्कळ जण म्हणाले छान रचलंय, अशी आत्या नसतेच. मग मी तुझा फोटो टाकला, बूट घालून खिडकीत उभी आहेस तो. तर एकाने तुझी बोटं मोजली. म्हणाला डाव्या हाताचं मधलं बोट अर्धंच आहे, असल्या चुका संगणकाने बनवलेल्या चित्रात होतात. ते सगळ्यांना पटलं. आता तू नाहीस असं ठरलंय.

मुदत संपत आली. अंगठा आज दुपारपर्यंत मिटला नाही. शिडीला फोन करायला घेतला आणि ठेवला. काय बोलू? तिच्या ठेल्यावर गर्दी नसते हल्ली, असं चहावाला सांगत होता. आधी असायची.

मला आता कोणाचा लोभ मागायचीही लाज वाटते.

तुझी ठकू

---

ता. २५

चि. ठकूस अ. आ.

मी नाही म्हणतात?

लॉन्ड्रीत कपडे पिळायच्या रोलरमध्ये ते बोट गेलं तेव्हा मी होते का नव्हते ते त्यांनी तिथल्या मुकादमाला विचारावं. तो घाबरून पळाला होता. बोट मीच फडक्यात गुंडाळून दवाखान्यात नेलं, ते परत बसलं नाही. आणि आता कोणी घरात बसून मोजतोय. शिंपिणीला सांगितलं तर ती पोट धरून हसली आणि म्हणाली, तरीच तुम्हाला ऐकू येत नाही, तुम्ही चित्र आहात.

असो. माझ्यामुळे तुझं नुकसान झालं. ते मी चार पानं माफी लिहिली तरी भरून निघणार नाही, म्हणून एका ओळीत लिहिलं.

पण एक गोष्ट तुझी आहे, माझी नाही. मी चांदणी चुकीची दाबली. त्या मुलीचं नाव तू घेतलंस. मला एक म्हणजे चांगलं वाटलं, तुला चांगलं म्हणजे टोमणा वाटला. "होते की" म्हणाली तेव्हाही तुला टोमणाच वाटला होता. तू आहेस तशीच आहेस, लहानपणी कोणी हसलं तरी आधी स्वतःचा फ्रॉक बघायचीस.

साइटला पत्रं लिहिणं बंद कर. फोनही नको. तिच्या ठेल्यावर जा. गिऱ्हाईक बसलेलं असेल तेव्हा जा, रिकामी वेळ बघून जाऊ नकोस. चारचौघांत नाव घालवलंस, तर चारचौघांत सांग. काय बोलू म्हणतेस? घडलं ते बोल. रडलीस तर मधेच थांबून नाक पूस आणि पुढचं बोल.

मी तिला वेगळं कार्ड टाकलंय. त्यात एवढंच लिहिलंय की मी आहे, आणि चूक माझी आहे.

लोभ मागायची लाज वाटते तर मागू नकोस. मी न मागताच देते, गप घे.

तुझी आत्या

---

ता. ३०

ती. आत्यास शि. सा. न.

गेले होते.

दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती, एकाचा एक बूट काढलेला. मी रस्ता ओलांडायला इतका वेळ लावला की चहावाल्याने विचारलं बरं नाही का. मग त्या दोघांसमोर सांगितलं, की हिने काही केलेलं नाही, मी खोटा आळ घेतला आणि आता मला तो पुसताही येत नाही. अनवाणी पायवाला म्हणाला जरा मोठ्याने बोला. मी परत पहिल्यापासून सांगितलं.

शिडीने वर बघितलं नाही. टाच ठोकत राहिली. तोंडात खिळे धरलेले होते. शेवटी हातोडी खाली ठेवली आणि नुसतं एक बोट वर केलं. मग परत ठोकायला लागली. ते बोट म्हणजे थांब होतं, की एक चांदणी होती, आणि असली तर तुझ्या हिशोबाची की त्यांच्या, मला कळलं नाही. विचारायची छाती झाली नाही. घरी आले.

आज सकाळी दुकान उघडलं तर ती मागोमाग आत आली. तिचा एप्रन खुंटीलाच होता, मी काढला नव्हता. तो बांधला, माझ्या हातातली रापी घेतली आणि सोल कापायला बसली. तुझं नाव काढलं नाही, पानाचं नाही, यंत्राचं नाही. दुपारी फक्त इतकंच म्हणाली की उलटा कापलेला सोल मी लपवून ठेवायला नको होता, त्याच्या टाचेच्या पट्ट्या निघतात. संध्याकाळी ठेल्यावर गेली.

आज मुदत संपली. पान बंदच राहिलं, पैसे ज्याचे त्याला परत गेले. आणि आत्ता साइटचं उत्तर आलंय. लिहितात, तपासणी पूर्ण झाली, आपण खऱ्या आहात असं आढळलं, झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. कुलूप निघालं तशी सगळ्यात आधी ती ओळ पुसली. तिच्या ठेल्यावरच्या चांदण्या मात्र मला पुसता येत नाहीत. त्या लोकांनी मारल्यात.

उद्या ती येईल का, माहीत नाही. दार उघडताना मी आधी रस्त्याकडे बघणार.

तुझ्या लोभाची, खरी ठरलेली,

ठकू

---

ता. ११

चि. ठकूस अ. आ.

तू विचारणार नाहीस हे मला माहीत होतं, म्हणून मीच शिडीला कार्डावर विचारलं, की ते बोट कोणत्या मोजणीचं होतं. आज तिचं उत्तर आलं. अक्षर तिच्यासारखंच उंच आहे.

लिहिते की मी आहे का नाही याची शंका तिला कधी आलीच नव्हती. माझ्या डाव्या पायाचा साचा तिनेच कोरला होता, जायच्या आदल्या आठवड्यात. ते तू मला कळवलं नव्हतंस. म्हणजे मी दाबलेल्या चांदणीत निम्मी तिची होती.

बोटाचं लिहिते की ते आत्याच्या मोजणीचं की लोकांच्या, ते तिचं तिलाच अजून ठरवता आलेलं नाही. बाकीची चार सध्या मिटून ठेवलीत. आणि लिहिते की "होते की" म्हटलं होतं, तेव्हा खरंच होणार होती.

तर ती चार मिटलेली आहेत. सकाळी मिटलेली बोटं उघडायला किती वेळ लागतो ते तुझ्या अंगठ्याला विचार. ओढून उघडायला जाऊ नकोस. ती येईल त्या दिवशी रापी तिच्या हाती दे, येणार नाही त्या दिवशी तिचा एप्रन खुंटीवरच राहू दे. यंत्राचं पुढे बघू, पण आता दोघींनी मिळून बघा.

वॉचमनच्या मेहुणीला बूट हवेत, तिचा उजवा पाय आखूड आहे. माप सोबत पाठवतेय, कागदावर पाय ठेवून मीच काढलंय. आमच्याकडे ठरलंय की यापुढे कोणीही काही दाबायचं नाही. पुढच्या महिन्यात मी, शिंपीण, बेकरीवाला, सगळे तुमच्याकडे येतोय. बसमधून उतरून आधी शिडीच्या ठेल्यावर जाणार आणि तिथल्या बाकावर बसलेल्यांना काय ते तोंडाने सांगणार. वॉचमन म्हणतो तो बायकोलाही आणेल, ओळख पटवायला.

काठी बेकरीतच आहे. लोभ तुम्हा दोघींना, सारखा वाटून घ्या.

तुझी आत्या, बोटं साडेनऊ